पोश्चरचे आकडे आणि जुनी कंबरदुखी : भरवसा किती ठेवायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गोव्यात फोंडा-साखळीकडे फिजिओथेरपी करताना हल्ली एक गोष्ट हमखास दिसते. रुग्ण पिशवीतून एक्स-रेच्या आधी पोश्चरचा, म्हणजे उभं राहण्याच्या ठेवणीचा, रंगीत रिपोर्ट काढतात. लाल रेघा, हिरव्या रेघा आणि खाली आकडे: 'मान ४ अंश पुढे', 'कमरेचा बाक ५ अंश जास्त'. मग जे प्रश्न येतात ते साधारण ठरलेले, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. हे सगळं तीन महिन्यांहून जास्त दुखत असलेल्या कमरेबद्दल आहे. काल गॅसचा सिलिंडर उचलताना धरलेली कंबर हा वेगळा विषय.

पोश्चर मोजतात म्हणजे नक्की काय मोजतात?

बाजूने उभं करून कान, खांदा, खुबा, गुडघा आणि घोटा हे ओळंब्याच्या दोरीच्या किती पुढेमागे आहेत ते बघतात. कमरेचा आतला बाक, पाठीचा वरचा बाक (आपण ज्याला पोक म्हणतो तो) आणि पेल्विस, म्हणजे कमरेच्या हाडांचं कडं, पुढे किती झुकलंय ते अंशांत मोजतात. समोरून आणि मागून खांदे एका पातळीत आहेत का ते पाहतात. साधनं गवंड्याच्या ओळंब्यापासून सुरू होतात. चौकटींचा तक्ता, कोन दाखवणारा इनक्लिनोमीटर, पाठीच्या बाकावर दाबून मग कागदावर गिरवायची लवचिक पट्टी, फोटो, पाठीवर उजेडाचे पट्टे टाकून आकार काढणारं यंत्र, आणि शेवटी एक्स-रे.

भरवशाचं माप कशाला म्हणायचं?

एकाच माणसाने दोनदा मोजलं तर उत्तर जवळपास तेच यायला हवं. दोन वेगळ्या माणसांनी मोजलं तरी तेच यायला हवं. आणि दुखणं जैसे थे असताना चार-आठ दिवसांनी मोजलं तरीही तेच. पहिली परीक्षा बहुतेक साधनं पास होतात. दुसरीत गळती सुरू होते. तिसरी परीक्षा घेतलेली फार कमी ठिकाणी दिसते, आणि रुग्णाच्या कामाची तीच असते.

आपल्याकडे दुसरी परीक्षाही महत्त्वाची आहे. माणूस गावच्या आरोग्य केंद्रातून म्हापशाच्या आझिलोत (जिल्हा रुग्णालयात) जातो, तिथून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), मधे एखाद्या खाजगी क्लिनिकमध्ये. दर वेळी मोजणारा हात वेगळा. अशा वेळी 'एकाच तपासनिसाचं माप किती जुळतं' हा आकडा तुम्हाला उपयोगाचा नाही.

माप दर वेळी तेच आलं, म्हणजे ते खरं असणार ना?

तसं नाही. पेल्विसचा झुकाव मोजायला पुढच्या बाजूचं हाडाचं टोक आणि मागच्या खळीजवळचं टोक शोधून त्यांना जोडणाऱ्या रेषेचा कोन घेतात. २००८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी शवांमधली ३० पेल्विस एकाच ठरावीक स्थितीत ठेवून हा कोन काढला. स्थिती सगळ्यांची सारखी, तरी कोन शून्यापासून २३ अंशांपर्यंत आले. हा फरक हाडांच्या घडणीतला होता, उभं राहण्याच्या पद्धतीतला नव्हता. म्हणजे तुमचा कोन दर सोमवारी बरोब्बर १८ येत असेल, तरी त्यावरून पेल्विस 'जास्त झुकलंय' असं म्हणता येत नाही. कदाचित तुमचं हाडच तसं असेल. 'अँटिरिअर टिल्ट' (पेल्विस पुढे झुकलेलं) असा शिक्का मारून आलेल्या रुग्णांना मी हे आधी सांगतो.

अनुभवी माणूस नुसता बघून सांगू शकतो की नाही?

सांगतो, आणि ठामपणे सांगतो. अडचण अशी की शेजारचा अनुभवी माणूस तितक्याच ठामपणे वेगळं सांगतो. २००३ मध्ये 'स्पाइन' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २८ तज्ज्ञांना लोकांचे फोटो दाखवून मानेचा आणि कमरेचा बाक कमी, ठीक की जास्त एवढंच विचारलं होतं. एकमत मोजायला कप्पा नावाचा आकडा वापरतात: शून्य म्हणजे निव्वळ योगायोगाने जुळेल तेवढंच, १ म्हणजे पूर्ण एकमत. तज्ज्ञांचं आपापसातलं एकमत आलं ०.१६. स्वतःचंच मत दुसऱ्यांदा जुळण्याचं प्रमाण ०.५०. त्यात अस्थिरोग सर्जन होते, फिजिओथेरपिस्टही होते, म्हणजे आमच्या जमातीनेही नाक वर करायला जागा नाही.

हाताने मणके चाचपून सांगतात, ते तरी?

चाचपणं ही आमची रोजची भाकरी आहे, पण तिची मर्यादा माहीत असलेली बरी. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची वरची कड जोडली की रेषा साधारण चौथ्या कटिमणक्यावरून जाते, असं शिकवतात. अनुभवी भूलतज्ज्ञांनी असं शोधलेलं ठिकाण २००० साली एमआरआयशी ताडून पाहिलं, तेव्हा ते सुमारे २९ टक्के वेळाच बरोबर निघालं. उरलेल्या वेळी बहुतेकदा एखादा मणका इकडेतिकडे. कमरेवर चरबी असेल तर चूक वाढते. 'तुमचा चौथा मणका सरकलाय, बोटाला लागतोय' असं कोणी सांगितलं तर निदान दुसरं मत घेतल्याशिवाय त्यावर पैसे खर्च करू नका.

अ‍ॅपवाले म्हणतात, त्यांची विश्वासार्हता ०.९५ आहे. म्हणजे ९५ टक्के अचूक?

नाही. हा आकडा बहुधा आयसीसीचा असतो (क्रिकेटवाली नव्हे; मोजण्या एकमेकींशी किती जुळतात ते सांगणारा आकडा). तो साधारण शून्य ते एकमध्ये असतो. २०१६ पासून बरेच संशोधक एक ढोबळ पट्टी वापरतात: ०.५ च्या खाली कच्चं, ०.७५ पर्यंत मध्यम, ०.९ पर्यंत चांगलं, त्यावर उत्तम. पण हा आकडा कोणाला मोजलं यावर हलतो. एका गटात ताठ पाठीची पोरं आणि पोक काढलेले आजोबा दोन्ही घातले, तर माणसांमाणसांतलाच फरक इतका मोठा असतो की मोजण्यातली चूक त्यात झाकली जाते आणि आयसीसी झकास येतो. तेच साधन, तेवढीच चूक, पण सगळे चाळिशीतले कंबरदुखीवाले घेतले की आकडा उतरतो.

दुसरी मेख अशी. बऱ्याचदा एकच फोटो घेऊन त्यावर दोनदा ठिपके लावतात आणि 'उत्तम' म्हणून जाहीर करतात. त्यात तपासलं जातं ते ठिपके लावणाऱ्याचं बोट. माणूस दुसऱ्या दिवशी तसाच उभा राहतो का, हे त्यात येतच नाही. अ‍ॅपवाल्यांना हा एकच प्रश्न विचारा: फोटो एकच होता की वेगवेगळ्या दिवशी काढलेले?

मागच्या महिन्यात कमरेचा बाक ४२ अंश होता, आता ३७ आहे. सुधारणा झाली ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि बहुतेकदा पुढच्या पॅकेजचे पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी येतो.

हिशोब करून बघू. समजा त्या साधनाचा आयसीसी ०.९०, म्हणजे चांगलाच. आणि मोजलेल्या लोकांच्या बाकाचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, १० अंश. एकातून ०.९० वजा केले, ०.१० उरले, त्याचं वर्गमूळ साधारण ०.३२. त्याला १० ने गुणलं की ३.२ अंश. ही एका मोजणीतली नेहमीची चूक. आता तुमच्याकडे मोजण्या दोन आहेत, आणि चूक दोन्हींत आहे. फरक खरा आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर ३.२ ला २.७७ ने गुणावं लागतं. उत्तर येतं ८.९ अंश.

तुमचा फरक आहे ५. तेव्हा ४२ चे ३७ झाले यावरून 'सुधारलं' म्हणता येत नाही आणि 'बिघडलं' असंही म्हणता येत नाही. तुम्ही दोनदा उभे राहिलात आणि दोनदा मोजलं गेलं, एवढंच त्यातून कळतं. आणि बाक कमी होणं ही सुधारणाच, हे तरी कोणी ठरवलं? त्याबद्दल खाली.

या ८.९ ला 'ओळखता येण्याजोगा किमान बदल' म्हणतात. प्रत्येक साधनाचा, प्रत्येक मापाचा तो वेगळा असतो. रिपोर्टवर तो छापलेला नसेल तर दशांश चिन्हानंतरचे आकडे ही निव्वळ सजावट समजा.

जुनं दुखणं असलं की माप जास्त हलतं का?

हो, आणि कारणं कागदावर दिसत नाहीत. जुनी कंबरदुखी एका पातळीवर राहत नाही. सकाळी आखडलेली असते, दहाला सैल होते, दुपारी मीटिंगनंतर परत धरते. पेडण्याहून कदंब बसमध्ये उभं राहून आलेला माणूस आणि तोच माणूस शेजारच्या वाड्यावरून चालत आलेला, हे दोन वेगळे आकडे देतात. दुखणं वाढलं की काही जण एका बाजूला कलतात. काही जण स्नायू घट्ट धरून ठेवतात, पाठीची फळी करतात. वेदनाशामक गोळी घेऊन आलात की हे धरणं कमी होतं. आणि तपासताना माणूस ताठ होतोच. 'नेहमीसारखे उभे राहा' म्हटलं की लोक शाळेच्या प्रार्थनेला उभे राहतात तसे राहतात.

मी काय करतो ते सांगतो. आल्याबरोबर मोजत नाही. पावसाळ्यात स्कूटरवरून रेनकोट निथळत आलेला माणूस आधी थोडा वेळ नुसता बसू दे. मग चपला काढून, जमिनीवर खुणा केलेल्या जागी पाय ठेवून, जागच्या जागी काही पावलं टाकायला लावतो, समोर डोळ्यांच्या उंचीवरच्या एका ठिकाणी बघायला सांगतो, श्वास सोडल्यावर माप घेतो. एकदा घेऊन थांबत नाही. माणसाला चालवून परत उभं करतो, परत घेतो, आणि सरासरी लिहितो. सरासरीने चूक खरोखरच कमी होते. एवढं करायला वेळ लागतो. रांग बाहेर दारापर्यंत असली की हे जमत नाही, आणि तेव्हा मी मोजतच नाही.

मे महिन्यात आणखी एक त्रास: घामाने त्वचेवरचे स्टिकर घसरतात. पुढून लावलेला ठिपका फोटो काढेपर्यंत बोटभर खाली आलेला असतो. त्वचेवर पेनाने खूण करून त्यावर स्टिकर लावलं की घसरलेलं निदान दिसतं तरी.

सकाळचं माप आणि संध्याकाळचं माप वेगळं येईल?

येऊ शकतं. दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्यांतलं पाणी दाबाने थोडं बाहेर जातं. सकाळपेक्षा संध्याकाळी उंचीच सुमारे एक टक्का कमी भरते. तुलना करायची असेल तर वेळ एकच ठेवा.

कपड्यांवरून मोजलं तर चालतं का?

सैल कुडत्यावरून किंवा साडीवरून घेतलेल्या फोटोत कंबर कुठे आहे हे अ‍ॅप अंदाजानेच ठरवतं. पाठ उघडी असलेला गाऊन, सोबत घरची बाई किंवा महिला कर्मचारी, आणि पडदा. एवढी सोय नसेल तर मोजून घेऊ नका, काही बिघडत नाही.

घरी मोबाइलने फोटो काढला तर?

स्वतःसाठी काढा, हरकत नाही. मोबाइल हातात धरू नका, स्टँडवर कमरेच्या उंचीला, सरळ ठेवा. जवळून काढलेल्या फोटोत कडेचे भाग ताणले जातात, म्हणून दोन-तीन मीटर लांब ठेवून काढा. अंग किंचित वळलेलं असलं तरी खांदा पुढे आल्यासारखा दिसतो. मागे दारावर ओळंबा सोडला तर मोबाइल तिरका होता का ते लगेच कळतं.

मग एक्स-रेच काढू या, तो तर खोटं बोलणार नाही.

एक्स-रेवर हाडं दिसतात, त्यामुळे चाचपण्याची चूक जाते. पण बाजूने एक्स-रे काढताना हात मणक्याच्या आड येऊ नयेत म्हणून पुढे उचलून धरायला सांगतात, आणि त्याने उभं राहण्याची पद्धत बदलते. शिवाय रेषा आखणारा माणूसच असतो. मणक्याचा बाक मोजण्याची कॉबची पद्धत १९४८ पासून चालत आली आहे, तरी दोन डॉक्टरांच्या मापात ५ अंशांपर्यंतचा फरक नवलाचा मानत नाहीत. साध्या जुन्या कंबरदुखीत निव्वळ पोश्चर बघायला पुन्हा पुन्हा एक्स-रे काढून अंगावर किरण घेण्यात अर्थ नाही.

पोश्चर सरळ केलं की दुखणं जाईल का?

इथे माझं मत थोडं कडवट आहे. कंबर दुखणारे आणि न दुखणारे लोक शेजारी उभे करून मोजलं, तर उभं असतानाच्या कमरेच्या बाकात ठोस फरक सापडत नाही. २०१४ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात असंच निघालं. फरक सापडला तो हालचालीत: दुखणारे लोक कमी वाकतात, हळू वाकतात, आणि कंबर नेमकी कुठल्या स्थितीत आहे याची त्यांची जाण थोडी कमी पडते. म्हणून नुसतं उभं करून फोटो काढण्यापेक्षा चप्पल उचलताना माणूस कसा वाकतो, हे बघण्यात मला जास्त रस असतो.

व्यायामाने दुखणं कमी होतं, पुष्कळांचं होतं. त्यासाठी बाकाचे अंश बदलावे लागतात, असं मात्र नाही. महिनाभर व्यायाम करून कंबर हलकी झाली आणि रिपोर्टमधली लाल रेघ तशीच राहिली, तर रेघ राहू द्या.

एक पाय आखूड आहे म्हणाले. बुटात सोल घालू?

टेपने मोजलेला काही मिलिमीटरचा फरक मोजण्याच्या चुकीतच बसतो. थोडाफार फरक तर बहुतेकांच्या पायांत असतोच. घाई नको.

पाठ वाकली की थरथरणारा पट्टा घ्यावा का?

पट्टा आठवण करून देतो, एवढंच. पैसे जास्तीचे असतील तर घ्या.

मग मोजायचं तरी काय?

जे तुम्हाला परत मिळवायचं आहे ते मोजा. कंबरदुखीसाठी ऑस्वेस्ट्री नावाची प्रश्नावली १९८० पासून वापरात आहे आणि तिचं मराठी रूप भारतीय रुग्णांवर तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालंय. दहा भाग: दुखण्याची तीव्रता, आंघोळ-कपडे, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, लैंगिक संबंध, समाजात वावर, प्रवास. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पन्नास, मग टक्के. आपल्याकडे आठवा प्रश्न बरेच जण, विशेषतः मुलगा सोबत आलेल्या बायका, गुपचूप कोरा सोडतात. सोडला तरी चालतो. तेव्हा पन्नासाऐवजी पंचेचाळीसातून टक्के काढायचे. मात्र कोऱ्या प्रश्नाला शून्य धरलं तर माणूस आहे त्यापेक्षा बरा दिसतो, हे कागद तपासणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं. साधारण १० गुणांचा फरक पडला तर त्याला अर्थ आहे असं मानतात. शून्य ते दहाच्या वेदनेच्या पट्टीवर तोच अर्थ साधारण २ गुणांचा.

त्याखेरीज मी रुग्णाला स्वतःचं एक काम निवडायला सांगतो. आदोळीवर (खवणीच्या विळीवर) बसून एक नारळ खवून उठता येणं. काजूच्या बागेत वाकून बोंडू (काजूची फळं) वेचणं. पणजीपर्यंत स्कूटर न थांबवता नेणं. फाइलच्या पहिल्या पानावर ते लिहितो.

तरीही पोश्चरचा रिपोर्ट करून घेतला, तर त्यावर काय असायला हवं?

कोणी मोजलं, कुठल्या साधनाने, किती वाजता, किती वेळा, त्या वेळी दुखणं दहापैकी किती होतं, गोळी घेतली होती का. आणि त्या साधनाचा ओळखता येण्याजोगा किमान बदल. एवढं असेल तर दुसऱ्या दवाखान्यात तो कागद कामाला येतो. पुढचं माप शक्यतो त्याच माणसाकडून घ्या.

मुलीची पाठ एका बाजूला उंच दिसते. हेही तसंच सोडून द्यायचं?

अजिबात नाही. वाढत्या वयातला मणक्याचा बाजूचा बाक, स्कोलिओसिस, ही वेगळी गोष्ट आहे आणि तिथे मोजणीला किंमत आहे. मुलीला पाय जुळवून, हात खाली सोडून पुढे वाकायला लावा आणि मागून पाहा. एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पाठीवर ठेवायच्या स्कोलिओमीटरवर ७ अंश किंवा जास्त आले तर सहसा पुढे पाठवतात. एक्स-रेवर कॉबचा कोन १० अंशांपासून स्कोलिओसिस धरतात, आणि तो वाढला असं साधारणपणे ५ अंशांच्या पुढे बदल झाल्यावरच म्हणतात. हा ५ चा आकडा आला कुठून? त्याच मोजणीच्या चुकीतून. चूक किती हे माहीत असलं की मापावर निर्णय घेता येतो, याचं हे चांगलं उदाहरण.

मोजणी-व्यायाम सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी धावायचं?

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, जांघांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद कमी होत चालली: त्याच दिवशी, बांबोळीला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात. ताप, कारणाशिवाय घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, पडणं किंवा अपघात, बरेच दिवस घेतलेली स्टिरॉइडं, यांपैकी काही असेल तर लवकरात लवकर. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही दिसतो, हे विसरू नका.

भजनाला दोन तास मांडी घालून बसतो. बंद करू का?

नको. मांडी घालून बसल्याने कंबर बिघडते असं काही ठरलेलं नाही. त्रास होतो तो एकाच स्थितीत अडकून राहण्याचा. बसताना खाली चादरीची जाड घडी घ्या, म्हणजे खुबे गुडघ्यांपेक्षा वर राहतात. भिंतीजवळची जागा पकडा, मधे पाय सोडा, अभंग संपला की उठून एक फेरी मारा. गुडघ्याच्या खाली पायात कळ जाऊ लागली किंवा उठल्यावरही मुंग्या राहिल्या, तर काही दिवस खुर्चीवर बसून टाळ वाजवा.